मराठी पान लावायला शिकताना: सांगलीत डीटीपी शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रिका, स्मरणिका, हळदीच्या पाकिटांची लेबलं आणि पुस्तकं ही कामं मी सांगलीत बरीच वर्षं करतोय. सोबत शिकायला येणाऱ्यांनाही बसवतो. कुणी बारावीनंतर येतं, कुणी मुलं शाळेत गेल्यावर दुपारचे दोन तास काढून येतं, एखादा छापखानावाला स्वतःच्या मुलाला पाठवतो. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. सॉफ्टवेअरची बटणं महिन्याभरात हाताखाली येतात. मराठी अक्षर कागदावर कसं बसतं हे कळायला वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या कामाची किंमत तिथेच ठरते.

टायपिंग येतं म्हणजे डीटीपी येतं का?

नाही. टायपिंगने मॅटर संगणकात येतं. डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग) म्हणजे ते मॅटर, म्हणजे मजकूर, फोटो, रेघा आणि मोकळी जागा पानावर अशी मांडणं, की ती फाईल छापखान्यात गेल्यावर तिथल्या माणसाला फोन करून काही विचारावं लागू नये.

पूर्वी हे काम खिळे जुळारी करायचे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ, ओळींची गॅली, गॅलीचं पान. १९८५ साली मॅकिंटॉशवर ऑल्डसचं पेजमेकर आलं, त्याच सुमाराला लेझर प्रिंटर आला, आणि ते सगळं टेबल एका पडद्यावर आलं. आपल्या जिल्ह्याला या कामाची जुनी ओळख आहे. पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीत, नांगराच्या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघायला लागलं, पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. एका कारखान्याच्या गावातून निघालेली मासिकं महाराष्ट्रभर वाचली गेली. तेव्हाचा एखादा अंक कुठल्या वाचनालयात हाताला लागला तर मजकुराइतकंच पानाकडेही बघा.

पेजमेकर, कोरल की इनडिझाईन? आधी काय शिकू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ज्याला ज्या कामाची गरज, त्याने ते.

पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, हँडबिल, लेबल, फ्लेक्स असं एका-दोन पानांचं काम करायचं असेल तर कोरलड्रॉ. आपल्या भागातले बहुतेक छापखाने आणि फ्लेक्सवाले कोरलची सीडीआर फाईलच मागतात, त्यामुळे पहिली कमाई यातून लवकर सुरू होते. पण कोरलमध्ये शंभर पानांचं पुस्तक लावायला जाऊ नका. लावणारे लावतात, पण दहाव्या पानावर एक परिच्छेद वाढला की पुढची नव्वद पानं हाताने सरकवत बसतात.

पुस्तक, अंक, स्मरणिका, अहवाल यासाठी इनडिझाईन. ते १९९९ मध्ये आलं. पेजमेकर ॲडोबी कंपनीकडे १९९४ मध्ये ऑल्डससोबत आलं होतं. त्याची शेवटची, म्हणजे ७ नंबरची आवृत्ती २००१ ची. म्हणजे आज पेजमेकर शिकवणारा क्लास तुम्हाला थांबून वीस वर्षं उलटलेलं सॉफ्टवेअर शिकवतोय. त्याला युनिकोड मराठी, म्हणजे आज फोनवर आणि वेबसाईटवर चालते ती मराठी, कळत नाही आणि नव्या विंडोजवर ते रडतखडत चालतं. जुन्या छापखान्यांत अजून त्यावर कामं होतात, कारण त्यांच्या पंधरा-वीस वर्षांच्या फाईली त्यात आहेत. तिथे नोकरी लागली तर आठ दिवसांत शिकाल. त्यासाठी आज फी भरू नका.

इनडिझाईनचं भाडं दरमहा भरावं लागतं आणि सुरुवातीला ते जड जातं हे मला माहीत आहे. चोरीची कॉपी टाकून घेण्यापेक्षा स्क्रायबस वापरा. ते फुकट आणि खुलं आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. पान, चौकट, स्टाईल (अक्षराचं ठरवून ठेवलेलं माप आणि वळण), ब्लीड (कापायच्या कडेबाहेर काढलेला रंग), सीएमवायके (छपाईच्या चार शाया) या सगळ्या कल्पना त्यात तशाच आहेत. वर्षभर त्यावर काम केलेला माणूस इनडिझाईनवर दोन आठवड्यांत रुळतो.

वर्डमध्ये किंवा मोबाईलवरच्या ॲपमध्ये नाही का होत?

वाढदिवसाची शुभेच्छा होते. छपाईचं काम करायला गेलं की रंग, ब्लीड आणि ओळींवरचा ताबा हे तिन्ही अडतं. वर्डचा उपयोग मॅटर टाईप करून घ्यायला आणि तपासायला करा, तिथे तो उत्तम आहे.

मराठी टायपिंग कोणत्या पद्धतीने शिकू?

नव्याने सुरुवात असेल तर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. विंडोजमध्ये ते आधीपासूनच असतं, आणि स्वर एका हाताकडे, व्यंजनं दुसऱ्या हाताकडे अशी मांडणी असल्याने आठवड्यात कळतं. टाईपरायटरवर शिकलेल्यांचा हात टाईपरायटरच्याच रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो, त्यांनी तो मोडू नये. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची पद्धत फोनवर ठीक आहे, पण दोनशे पानं तशी टाईप करणाऱ्याचा वेग लवकरच अडकतो.

माझी फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. असं का?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो. हे ज्याला कळलं त्याचे पुढचे निम्मे त्रास वाचतात.

श्री-लिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टमध्ये एक युक्ती असते. इंग्रजी अक्षरांची जी घरं असतात, त्यात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. एका घरात काना, एकात अर्धा म, एकात रफार. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच लिहिलेलं असतं, फक्त त्याला मराठी कपडे घातलेले असतात. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे कपडे उतरतात आणि आतला इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. या फॉन्टांवर मराठी छपाई पंचवीस वर्षं उभी राहिली आणि पुण्यात बसून ज्यांनी ते घडवले त्यांचे उपकारच आहेत.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. फोनवर, वेबसाईटवर, छापखान्यात सगळीकडे. शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो.

घोटाळा होतो तो जुन्यातून नव्यात येताना. जुन्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, आधी क मग वेलांटी. रफाराचंही तसंच उलटं आहे. ‘सर्व’ मधला रफार जुन्यात व नंतर यायचा, आता व च्या आधी र आणि हलन्त. कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या मॅटरचं युनिकोड करणारा प्रोग्राम, ही उलटापालट करतो, पण काही ठिकाणी चुकतोच. एका संस्थेची जुन्या फॉन्टमधली स्मरणिका मी कन्व्हर्ट करून घेतली होती. लेख सह्याद्रीवरचा होता. प्रूफ वाचताना लक्षात आलं की ‘दऱ्या’ जिथे जिथे होत्या तिथे तिथे ‘दर्या’ झाला होता. डोंगरात समुद्र. ‘ऱ्या’ मधला तो अर्ध्या चंद्रासारखा र जाऊन वर रफार बसला होता, आणि दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे कुठलाही तपासनीस प्रोग्राम त्याला चूक म्हणणार नव्हता. तेव्हापासून कन्व्हर्ट केलेल्या मॅटरमध्ये मी ‘र्य’ आणि ‘र्ह’ आधी शोधतो. दऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, शेतकऱ्यांना, कऱ्हाड. नुसता ‘शेतकऱ्यांना’ एका अहवालात चाळीस वेळा असतो.

इनडिझाईनमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केली, तर वेलांटी उजवीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली. काय करू?

फॉन्ट बिघडलेला नाही. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. नेहमीचा कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारा भाग, रोमन लिपीसाठी आहे, त्याला वेलांटी डावीकडे न्यायची असते हे माहीत नाही. एकही फाईल उघडी नसताना ही सेटिंग बदललीत तर पुढच्या प्रत्येक नव्या फाईलला ती आपोआप लागते. सोबत भाषा मराठी निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाईपच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असायचा.

भाषा निवडण्याचा आणखी एक फायदा. काही चांगल्या फॉन्टांत हिंदी वळणाचे आणि मराठी वळणाचे ल आणि श दोन्ही असतात, आणि भाषा मराठी ठेवली की आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. राज्य शासनाचा वर्णमालेबद्दलचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा आहे, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो सुधारून पुन्हा निघाला. पाठ्यपुस्तकाचं, शाळेचं किंवा सरकारी काम करणाऱ्याने ही वळणं डोळ्यात तेल घालून बघावीत.

कोणता फॉन्ट, किती पॉइंट?

शिकताना दोनच फॉन्ट घ्या. पुस्तकाच्या मजकुराला तिरो देवनागरी मराठी, माहितीपत्रकाला मुक्ता. दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही नीट घडवलेले आहेत. पन्नास फॉन्ट टाकून ठेवलेल्या संगणकावरच्या पत्रिका मी ओळखतो, कारण त्यात नवरदेव एका वळणात, नवरी दुसऱ्या आणि मुहूर्त तिसऱ्या वळणात असतो.

७२ पॉइंटचा एक इंच. डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या) पुस्तकाला १२ किंवा १३ पॉइंट, ज्येष्ठांसाठी असेल तर १४. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लीडिंग, दोन ओळींमधलं अंतर. इंग्रजीत १२ वर १४, म्हणजे १२ पॉइंटच्या अक्षराला १४ चं लीडिंग, चालून जातं. मराठीत वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘की’ला टेकतो. म्हणून १२ वर १६, कधी १७ ठेवा. पानं वाढतील म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करेल. त्याला दोन्ही पानं छापून हातात द्या, तो स्वतःच मोकळं पान निवडतो.

आणि अक्षरांमधलं अंतर शून्याच्या वर कधीही नेऊ नका. इंग्रजी शीर्षकं विरळ केली की छान दिसतात, ते बघून आपली मुलं मराठी शीर्षकही ताणतात. मराठीला शिरोरेषा आहे. अक्षर अक्षरापासून लांब गेलं की ती रेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. रस्त्यावरचे फलक बघा, दर तिसऱ्या फलकावर हे दिसेल.

अरुंद कॉलममध्ये शब्दांत मोठमोठ्या फटी पडतात. दोन्ही कडा सरळ तर हव्यात!

कशासाठी हव्यात? मराठी शब्द लांब असतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ एकटाच अर्धी ओळ खातो. दोन इंचांच्या कॉलममध्ये दोन्ही कडा ताणल्या की ओळीत तीनच शब्द उरतात आणि त्यांच्यामध्ये ओसाड जागा. डावी कडा सरळ ठेवा, उजवी मोकळी सोडा. दोन्ही कडा हव्याच असतील तर कॉलम रुंद करा आणि जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये अक्षरांतर शून्यावर बांधून ठेवा, ताण फक्त शब्दांमध्ये जाऊ द्या.

पान ‘चांगलं दिसतं’ हे कळायचं कसं? मला डिझाईनचा डोळा नाही.

डोळा बसतो. मी पहिल्या आठवड्यात संगणक सुरूच करू देत नाही. स्टीलची पट्टी, पेन्सिल आणि बटर पेपर आणायला सांगतो. एक चांगलं छापलेलं पुस्तक घ्यायचं, त्याच्या पानावर बटर पेपर ठेवायचा आणि मजकुराची चौकट काढायची. मग मोजायचं. आतला समास किती, बाहेरचा किती, वरचा, खालचा. बहुतेक वेळा खालचा समास वरच्यापेक्षा जास्त निघतो, कारण तिथे वाचणाऱ्याचा अंगठा असतो. बांधणीत जाणारी जागा आतल्या समासात धरलेली असते. एका पानात ओळी किती, एका ओळीत शब्द किती. धडा कुठे सुरू होतो, पानाच्या वरच्या टोकाला की तिसरा हिस्सा सोडून. समोरासमोरच्या दोन पानांवरच्या ओळी एकमेकींच्या रेषेत आहेत का.

अशी पाच पुस्तकं मोजली की मग तेच पान संगणकावर जसंच्या तसं उभं करायचं, छापायचं आणि बटर पेपर वर ठेवून ताडून बघायचं. शाळा सोडून बऱ्याच वर्षांनी शिकायला आलेल्या एका ताई हे करत होत्या. तिसऱ्या पुस्तकाला त्या म्हणाल्या, “सर, हे पुस्तक वाचताना डोळे का दुखायचे ते आत्ता कळलं.” त्यातल्या ओळी फार लांब होत्या आणि लीडिंग कमी.

स्टाईल आणि मास्टर पेज शिकायलाच हवेत का?

हो, संगणकावर बसाल त्या पहिल्या दिवसापासून. ९६ पानांच्या स्मरणिकेत चाळीस उपशीर्षकं आहेत आणि आदल्या रात्री अध्यक्ष म्हणतात, जरा मोठी करा. स्टाईल लावली असेल तर एका जागी बदल करून काम संपतं. नसेल तर चाळीस वेळा निवडा, बदला, आणि त्यातली दोन सुटणारच. पानांचे क्रमांक मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्याच्या पानावर, एकदाच. हाताने टाकलेले क्रमांक एक पान वाढलं की सगळे खोटे ठरतात.

पडद्यावर पिवळा झळझळीत होता, छापून मळका आला. चूक कुणाची?

पडद्याचा रंग उजेडाचा असतो, कागदाचा शाईचा. पडदा लाल, हिरवा, निळा मिसळतो, छापखान्यात निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. काही झळझळीत रंग शाईत नसतातच. आपल्याकडे हळदीच्या लेबलांमुळे हा वाद रोजचा. मी पिवळी १०० आणि गुलाबी ३० टक्के इथून सुरुवात करतो, आणि गिऱ्हाइकाला फोनवरचा रंग न दाखवता पूर्वी छापलेलं पाकीट दाखवतो. मॅपलिथो, म्हणजे साधा पुस्तकी कागद, शाई पितो, गुळगुळीत आर्टपेपर तिला वर ठेवतो. तोच रंग दोन्हींवर वेगळा दिसणार, हे आधी सांगून टाकावं.

आणखी एक, मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा ठेवा. १०० टक्के काळा, बाकी तिन्ही शून्य. वर्डमधून किंवा वेबवरून आलेला काळा बदलताना चारी शायांचा होतो. मशीनवर एखाद्या शाईची प्लेट केसभर जरी हलली, तरी बारीक अनुस्वाराभोवती रंगीत सावली येते.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापायला चालेल?

साधा पाठवलेला नाही चालत, वाटेत तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरा. चार इंच रुंद फोटो हवा तर रुंदीत १२०० पिक्सेल. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, तिथे पूर्ण मापात ७२ ते १०० पुरतात.

ब्लीड म्हणजे काय? ते सोडलं नाही तर काय होतं?

कटिंग मशीनखाली कार्डांचा गठ्ठा एकदम कापला जातो आणि त्यातले काही अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. रंग अगदी कडेपर्यंत असेल आणि ब्लीड नसेल तर त्या कार्डांच्या कडेला पांढरी केसाएवढी रेघ दिसते. म्हणून रंग चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढायचा. साडेतीन बाय दोन इंचांचं कार्ड म्हणजे ८९ बाय ५१, ब्लीडसकट ९५ बाय ५७ मिलिमीटर. उलट नाव, फोन नंबर हे कडेपासून तेवढेच आत ठेवायचे.

पानं किती ठेवायची हे छापखाना का ठरवतो?

कागद घडी घालून पान होतं म्हणून. १८ बाय २३ इंचांचा डेमी कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा. साडेपाच बाय साडेआठचं आपलं नेहमीचं पुस्तक त्यातूनच निघतं. म्हणून पुस्तक सोळाच्या पटीत बसवायचा प्रयत्न करतात, नाहीतर अर्धा फर्मा. मध्ये पिन मारायची पुस्तिका चारच्या पटीत. पुस्तिकेची जुळवणी डोक्यात बसत नसेल तर कागद दुमडून पानांना क्रमांक घाला आणि मग उलगडा. आठ पानी पुस्तिकेत ८ शेजारी १, २ शेजारी ७, ६ शेजारी ३ आणि ४ शेजारी ५ दिसेल. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ.

प्रूफ मी वाचू की गिऱ्हाईक?

दोघांनी, आणि कागदावर. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक लग्नपत्रिका गेली. नावं, आडनावं, मंगल कार्यालय सगळं तीनदा वाचलं होतं. तारीख बरोबर होती, वार चुकला होता. हजार पत्रिका छापून, निम्म्या वाटून झाल्यावर मुलीच्या मामांचा फोन आला. सगळ्या पुन्हा छापून दिल्या, पण वाटलेल्या परत थोड्याच येतात. घरचे लोक आठवडाभर नातेवाइकांना फोन करत होते. तेव्हापासून पत्रिका हातात आली की मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो आणि तारखेशेजारी पेन्सिलने बरोबरची खूण करतो. मगच बाकीचं वाचतो.

वाचताना ओळीखाली पट्टी धरा. मोठ्या अक्षरातली शीर्षकं सुटी वाचा, कारण चूक तिथेच लपते. शेवटी गिऱ्हाइकाची सही घ्या.

क्लास लावू का? काम मिळेल का?

आयटीआयमध्ये डीटीपी ऑपरेटरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, प्रमाणपत्र हवं असेल त्यांनी त्याची चौकशी करावी. खासगी क्लास निवडताना एकच विचारा, छापलेलं काम दाखवता का? तीन महिने रोज दोन तास दिलेत तर पत्रिका, हँडबिल स्वतः करू शकाल. पुस्तकाला वर्ष धरा. त्यातले दोन महिने छापखान्यात उभं राहून काढा, प्लेट लागते कशी, कटिंग होतं कसं ते बघा. सांगली, मिरज, कुपवाडला काम हंगामी असतं. लग्नसराई, गणपती, दिवाळी अंक, निवडणुका. मधल्या दिवसांत पुस्तकं आणि अहवाल हात देतात, आणि युनिकोड मराठी स्वच्छ लावणारी माणसं कमी असल्याने ते काम पुण्या-मुंबईहूनही घरबसल्या येतं.

फाईली कुठे ठेवू?

तीन ठिकाणी, आणि त्यातलं एक दुसऱ्या जागी. आपल्या गावात हे विसरून चालत नाही. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी तीनदा दुकानांत शिरलेलं आपण पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टनंतर एका ओळखीच्या दुकानात आम्ही संगणक उघडला, तेव्हा आतून गाळ निघाला. मशीन नवं घेता आलं, बारा वर्षांची पत्रिकांची, स्मरणिकांची आर्टवर्कं गेली ती गेलीच.

काम संपलं की इनडिझाईनची ‘पॅकेज’ आज्ञा द्या. फाईल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा होतात. फोल्डरच्या नावात वर्ष, महिना, गिऱ्हाइकाचं नाव आणि कामाचं नाव. एक प्रत संगणकावर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. माझी हार्ड डिस्क विश्रामबागला बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर असते. दर शनिवारी संध्याकाळी मी ती आणतो, भरतो आणि रात्री जेवायच्या आत परत नेऊन ठेवतो.